पोटातली तुळस

"पोटात?" गोजरने पुन्हा विचारलं. "तोंडात नाय?"

"पोटात, पोटात. किती वेळा सांगू?" कुंडलिकने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. जेवणाची सुट्टी होती. कोर्टाच्या व्हरांड्यात डबे उघडले होते. "डॉक्टराच्या कागदात पयल्यापासनं होतं म्हणे. कोणाचं ध्यान नव्हतं. आज रखमीच्या वकिलानं नेमकं बोट ठेवलं. दादाच्या पोटात तुळशीचं अख्खं पान. डॉक्टर म्हणतो, मेलेल्याच्या तोंडात पान घातलं तर ते तोंडातच राहतं. गिळायला माणूस जिता पायजे."

गोजरने बाकाची कड घट्ट धरली. सोमवारचा उपास होता. सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

लडकू तिचा थोरला. दोन वर्षांपूर्वी टोकावड्याच्या घरात वारला. आंब्यावरून पडून कंबर मोडली, तेव्हापासून अंथरुणालाच होता. गेला तेव्हा त्याच्या ओठांच्या आत दातांचे वळ उमटलेले निघाले. उशीने तोंड दाबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. पोलिसांनी त्याच्या बायकोला, रखमीला, धरलं. ती त्या दिवशी आठच्या एस.टी.ने मुरबाडला त्याचंच औषध आणायला गेली होती. जायच्या आधी तिने काम उरकलं, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. धाकट्या कुंडलिकने तशीच साक्ष दिली होती. गाडी गेल्यावर भावाला हात लावून पाहिला, तर अंग गार.

आता सुट्टी संपली की गोजरची पाळी.

"नीट ऐक, आये. पान कोणी घातलं, असं विचारतील. म्हणायचं, रखमीनं. गाडीला जायच्या आधी."

"पण मीच तर..."

"तू म्हणालीस की ती सुटली. गाडी गेल्यावर दादा जिता होता, असं होतं. मग विचारतील, तवा घरात कोण होतं." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आन मी. तुला तवा काय काय दिसलं ते तिथं काढायचं नाय. एक लेक गेला तुझा. आता दुसऱ्याला तू घालवणार काय?"

लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, लेक आईला धीर देतो आहे. गोजरला त्या हाताचं ओझं सोसवेना. लहानपणी हेच हात तिने चोळून चोळून धुतले होते. ती त्या बोटांकडे बघत राहिली.

लडकूच्या गळ्याची घाटी हलली होती. तिने पाहिली होती. भास असेल, असं तिने दोन वर्षं मनाला समजावलं. रोज दिवा लावताना ती देवाला एवढंच विचारायची, भास होता ना रे? देव कधी बोलला नाही. आज डॉक्टर बोलला. आणि भास नव्हता म्हटल्यावर बाकीचं आपोआप मनात येऊ लागलं. माळशेजच्या रस्त्याला लागून असलेली ती जागा. तिथे कुंडलिकला घालायचा होता तो ढाबा. त्या जागेच्या कागदावर लडकूने शेवटपर्यंत न केलेली सही. तिने डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. नाव ओठांवर येईना.

व्हरांड्यातून दोन लेडीज पोलीस रखमीला घेऊन आल्या. गालाची हाडं वर आलेली, लुगडं अंगावर लोंबणारं. बाकाजवळ तिची पावलं रेंगाळली.

"आत्याबाय, निर्जळीच हाय ना आज? उन्हाचं चक्कर येल हो. पाणी तरी घ्या."

"चल गो चल," एक पोलीस बाई म्हणाली. "इथं काय माहेरी आलीस विचारपूस करायला?"

कुंडलिक मान वळवून भिंतीकडे पाहत राहिला.

पुकारा झाला. गोजर पिंजऱ्यात उभी राहिली. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, असं तिच्याकडून वदवून घेतलं. समोर पहिल्याच बाकावर कुंडलिक. त्याची नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती. घर एकच. आज संध्याकाळी त्याच्याबरोबर त्याच घरात परत जायचं होतं.

"बाई, मयताच्या तोंडात तुळशीचं पान कोणी घातलं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

गोजरने कुंडलिकच्या हातांकडे पाहिलं. पंखा कुरकुरत होता.

"रखमीनं घातलं का?"

"नाय. मी."

कोर्टात कुजबूज उठली. वकिलांनी कागद खाली ठेवला. "तुम्ही? कधी?"

"ती गाडीला गेली, त्याच्या मागनं. मी अंगणात तुळशीला पाणी घालीत होते. कुंडलिकनं हाक मारली, आये, दादा गेला. मी पान तोडलं, पळत गेले, पाण्यासंगं तोंडात घातलं."

"आणि त्याने ते गिळलं?"

"गिळलं. घाटी हलली."

वकिलांचा आवाज चढला. हाताशी आलेली केस निसटत होती. "म्हणजे तो जिवंत होता, हे तुम्हाला दिसलं! आणि तुम्ही गप्प बसलात? पोटचा पोरगा तुमचा! एका माणसाला तरी सांगावंसं वाटलं नाही?"

गोजरने कठडा दोन्ही हातांनी धरला. बाकावरून कुंडलिक अर्धवट उठला होता.

"सांगितलं ना साहेब," ती म्हणाली. "कुंडलिकला सांगितलं. म्हटलं, दादा जिता हाय रे, तू बस त्याच्यापाशी, मी रस्त्यावर जीप थांबवते."