काकांच्या कॉम्प्युटरवरून

ऑफिसातल्या वयस्कर काकांची बदली अखेर गोदामात झाली. शेजारी बसणारा तरुण डिझायनर मात्र सवयीने त्यांच्या रिकाम्या खुर्चीला "काका, चहा?" असं विचारून बसला.

आपल्या नव्या कॉम्प्युटरवरून छापता यावं म्हणून ऑफिसच्या एकुलत्या एक प्रिंटरची सेटिंग त्यानेच गुपचूप बदलली होती. तेव्हापासून काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून नुसती वेडीवाकडी चिन्हं छापून यायची. "वय झालं हो तुमचं," असं साहेब काकांना म्हणाले, तेव्हा डिझायनर स्वतःचे बूट न्याहाळत बसला होता.

जाताना काका म्हणाले होते, "तू तेवढा मदतीला यायचास रे, पोरा."

शेवटी त्याने काकांच्याच कॉम्प्युटरवर अर्ज लिहिला, छापून आलेल्या चिन्हांखाली सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. मूळ मजकूर असा होता: "सेटिंग मीच बदलली. तरी काकांना परत बोलावून मला गोदामात पाठवावे, ही नम्र विनंती."