भावाच्या पेशी

काचेपलीकडून ताईने दोन्ही तळहात उघडून दाखवले. मेंदी रंगावी तसे ते लाल झाले होते. हेरंबने भिंतीवरचा फोन कानाला लावला.

मघाशीच डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, "रक्ताच्या कॅन्सरसाठी तुमच्या मूळपेशी त्यांना दिल्या, त्या छान रुजल्यात. पण त्यांतून तयार झालेल्या पांढऱ्या पेशी त्यांच्या शरीराला परकं समजून त्वचेवर हल्ला करतायत. औषधाने आटोक्यात ठेवू."

परकं! आई गेल्यावर दोघांचं बिनसलं, तेव्हापासून भाऊबीजेलाही त्याने तिचा उंबरा ओलांडला नव्हता. दुखणं कळल्यावर मात्र धावत आला, हातांत सुया टोचून घेतल्या. वाटलं, मिटलं सगळं. आणि आता त्याच्याच पेशी तिला जाळत होत्या.

"खूप आग होतेय का गं?" त्याने कसंबसं विचारलं. "माझं रक्तच वाईट."

"गप रे!" ताईचा आवाज खोल गेला होता, पण दरारा तोच. "डॉक्टर म्हणाले, हे थोडंफार झालेलं बरंच. ज्या पेशी माझ्याशी भांडतायत, त्याच लपलेल्या कॅन्सरलाही हुडकून मारतील."

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि खरं सांगू? तू अबोला धरलास ना, तेव्हा परका वाटलास. लहानपणी दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीवरून किती ओरबाडायचास मला! आता पुन्हा भांडायला लागलास, म्हणजे घरी आलास."