वाट चुकलेलं पाणी

एलेउतेरिओने आपल्या पाळीचं सगळं पाणी नासारिओच्या शेतात सोडलं आणि फावड्याला टेकून उभा राहिला. बांधाच्या अलीकडे त्याची स्वतःची कपाशी मान टाकत होती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. मेहिकालीच्या वाळवंटात शेजाऱ्याला बुडवण्यासाठी त्याचं शेत भिजवणारा तो पहिलाच माणूस असावा.

नदीचं पाणी वाचावं म्हणून सरकार यंदा शेत पडीक ठेवायचे पैसे देत होतं. त्या यादीत नासारिओचं नाव लागलं होतं. काही न करण्याचं हे काम तो मन लावून करत होता. अट एकच, शेतात हिरवं काही दिसता कामा नये. आणि त्या शेतात जुना लसूणघास होता. लसूणघास वाळतो, पण मरत नाही. पाण्याची वाट बघत नुसता पडून राहतो, एलेउतेरिओच्या रागासारखा.

तो राग दोन उन्हाळ्यांपूर्वीचा. नासारिओने त्याच्या पाळीचं पाणी आपल्याकडे वळवलं आणि याची कपाशी उभी जळाली. जाब विचारायला गेला, तर नासारिओ टॉर्टिया चावत म्हणाला होता, "पाणी वाट चुकलं असेल रे."

तपासणीच्या दिवशी शेत गुडघाभर हिरवंगार होतं. पाण्याच्या चारीवरचे सगळे शेतकरी बायकापोरांसकट बघायला आले होते. एलेउतेरिओने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"हे काय आहे?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

नासारिओने घासाकडे पाहिलं. मग एलेउतेरिओकडे.

"पाणी वाट चुकलं असेल रे," एलेउतेरिओ म्हणाला.

"हिरवं ते हिरवं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नासारिओचं नाव खोडलं. मग त्या पाळ्या वाटून देणाऱ्या पाटकऱ्याकडे वळल्या. "इथे पाणी आलं त्या दिवशी पाळी कुणाची होती?"

पाटकऱ्याने एलेउतेरिओकडे बोट दाखवलं.

"दुसऱ्याच्या शेतात चोरून पाणी सोडलं असेल, तर याचा पाण्याचा हक्क कायमचा जाईल."

एलेउतेरिओचा सूड इथवर आखलेला नव्हता. शर्ट पाठीला चिकटला.

"चोरून कशाला, बाई?" नासारिओ म्हणाला. "त्याने मला दिलं. आमच्याकडे माणूस आपली पाळी फक्त आपल्या कोंपाद्रेला देतो. माझ्या नातवाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर हाच धरणार आहे. काय रे, खरं ना?"

कोंपाद्रे म्हणजे घरच्या बाळाचा धर्मपिता, सख्ख्या भावाहून सख्खा. त्याच्याशी मरेपर्यंत भांडायचं नाही, त्याला कशालाही नाही म्हणायचं नाही. बाळाचे कपडे, बकरा, बँड, सगळं धर्मपित्यानेच आपल्या खर्चाने करायचं.

बाईंचं पेन थांबलं होतं.

"खरं," एलेउतेरिओ म्हणाला.

बायकांनी डोळे पुसले. पाटकऱ्याने टोपी काढली. नासारिओने एलेउतेरिओला बरगड्या कडकडतील अशी मिठी मारली आणि रीतीप्रमाणे त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो करत कानात कुजबुजला, "बँडवाल्याला आत्ताच धरून ठेवा, कोंपाद्रे. अजून सहा नातवंडं बिनबाप्तिस्म्याची आहेत."