बांध दुरुस्ती समिती

"पयलो नारळ आमचो," दाजी म्हणाले आणि काखेतला नारळ आणखी घट्ट दाबला. दाजी वरच्या वाडीचे मानकरी.

"तुमचो मान देवळात. बांध आमच्या वाडीत आसा," खालच्या वाडीचा दत्ताराम म्हणाला. त्याच्याही काखेत नारळ होता.

आषाढात खाडीच्या बांधाला पाच हात भगदाड पडले होते. आत साठ घरांचे भात, पोटरीला आलेले; पावसाच्या पुराने खाडी आजवर गोडी होती म्हणून तगलेले. आज अमावास्या. उधाणाचे खारे पाणी दुपारी बाराला यायचे होते. ते शेतात शिरले की भात गेले, आणि पुढली दोन-तीन वर्षे जमीनही गेली. तालुक्याला केलेल्या तीन अर्जांना उत्तर नव्हते. म्हणून गुरुदास मास्तर दोन महिने दारोदार फिरले, हातापाया पडले, समिती काढली. तिचे बेचाळीस गडी पहाटेच्या ओहोटीलाच टोपल्या-फावडी घेऊन आले होते.

आता दहा वाजले होते. एकाही टोपलीला चिखल लागला नव्हता.

"दोघांनी एकदम फोडा ना," मास्तर म्हणाले.

"एकदम? म्हणजे ह्यो नि मी सारखे?" दाजी म्हणाले.

भगदाडाला लागून पहिले शेत तुळसाचे. नवरा गेलेली बाई, घरात दुसरे शेत नाही. ती सकाळपासून ऐकत होती.

"दर्या काय तुमच्या मानासाठी थांबतलो?"

तिने पदर खोचला आणि खाली उतरली. तिच्यामागून पाच बायका उतरल्या. दगड रचून ठेवलेलेच होते. वर मान चालला होता, खाली दगडावर चिखल आणि चिखलावर दगड. साडेअकराला भगदाड कमरेइतके भरले. आणखी हातभर चढले असते तर पाणी अडले असते.

तेव्हा दत्तारामाची नजर गेली.

"रांडमुंड बायलेन बांधाक हात लायल्यान! नारळ नाय, देवाक गाऱ्हाणां नाय!"

दाजी सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड करून बोलले. "खरां सांगलंस, दत्ताराम. ह्यां भरलेलां आधी काढूक व्हया. मगेच आमी माती घालतलंव."

बेचाळीस जणांनी हो म्हटले. वरची वाडी नाही, खालची वाडी नाही. एक आवाज.

मास्तरांनी आधी खाडीकडे पाहिले, मग त्या माणसांकडे. ते खाली आले. हळूच म्हणाले, "वहिनी, ऐका माझे. समिती आज फुटली तर पुन्हा जन्मात जमायची नाही. टिकली तर बांध पुढच्या वर्षी तरी होईल."

तुळसाचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. ते तिने पुसले नाहीत.

"टिकवा, मास्तर. आणि पाणी इलां की तुमची समितीच घाला हयसर आडवी."

मास्तर वाकले आणि त्यांनीच पहिला दगड उपसला. त्या मानासाठी कोणी भांडले नाही.

मग गडी उतरले. दोन्ही वाड्यांची एकच रांग लागली, टोपल्या हातोहात जाऊ लागल्या. कोणी कोणावर ओरडले नाही, कोणी अंग चोरले नाही. पाव तासात बांध होता तसा फुटका झाला.

बाराला पाणी आले.