दोन्ही दारं

कायदा करणाऱ्यांनो, स्कॉटलंडला वेगळं विधिमंडळ दिलंत, तिथली इस्पितळं त्याच्या हवाली केलीत. आणि स्कॉटलंडच्या खासदाराला लंडनमध्ये इंग्लंडच्या इस्पितळांवर मत द्यायला बसवून ठेवलंत. स्वतःच्या गावच्या इस्पितळाबद्दल त्याला मत नाही, परक्याच्या गावच्याबद्दल आहे. घोळ तुमचा, निस्तरायचा खासदार गॅव्हिन रदरफोर्डने.

संसदेच्या मधल्या दालनात नॅन टर्नबुल त्याची वाट बघत बसली होती. ती ट्वीड नदीच्या इंग्लंडकडच्या काठावरची, तो स्कॉटलंडकडच्या. मध्ये एक पूल. पहाटेची गाडी धरून आली होती. मांडीवर सँडविचचा डबा तसाच होता.

"आजच ना मतदान?"

"आत्ताच. घंटा होईल."

"लहान डायलिसिस केंद्रं बंद. म्हणजे आमचं. म्हणजे माझ्या नवऱ्याला, वॉल्टरला, दर खेपेला लांब न्यूकॅसल. परवा गावातल्याच केंद्रातून घरी आणला तर दारातच बसला, गॅव्हिन. उठवेना."

गॅव्हिनने डोळे चोळले. "तुमचा खासदार काय म्हणतो?"

"तो सरकारी पक्षाचा. मान हलव म्हटलं की हलवतो. म्हणून तर नदीपलीकडचा शोधत आले."

"नॅनबाई, इंग्लंडच्या कामात मत देणार नाही, असा शब्द दिलाय मी गावात. तुम्ही आमच्यावर निर्णय लादायचात तेव्हा आम्हीच बोंब मारली. आता मी तेच करू?"

"तत्त्व चांगलंय." तिने डब्याचं झाकण उगाच दाबलं. "डायलिसिसला वॉल्टरच्या शेजारच्या खुर्चीत तुझी आई बसते. तिला पूल ओलांडताना कुणी विचारत नाही, कुठल्या देशाची म्हणून."

घंटा वाजली. तो उठला.

होकाराचं एक दार, नकाराचं एक. तटस्थांसाठी तिसरं नाही. ज्याला हजेरी लावायची पण मत द्यायचं नाही, तो दोन्हींतून जाऊन येतो. नाव दोन्हीकडे लागतं, मत शून्य.

तो परतला तेव्हा दालन रिकामं होत आलं होतं.

"मंजूर?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"किती मतांनी?"

तो तिच्या शेजारी बसला.

"कुठल्या दाराने गेलास?"

"दोन्ही."

नॅनने डबा पिशवीत घातला, कोटाची बटणं लावली. उठली मात्र नाही.

"संध्याकाळी आईला फोन करशील. तिला काय सांगणार, ते आधी मला सांग. गाडीला वेळ आहे अजून."