शिक्षेची माफी

साहेबांनी शिक्षा माफ केली आणि दुर्गेशचं तोंड एवढंसं झालं.

"खुश व्हा ना भाऊ," बिसेन साहेब म्हणाले. "सोमवारपासून आपल्या टेबलावर बसा. तलावांच्या पाळी तुडवणं बंद."

अर्जुनी मोरगावच्या त्या कार्यालयात ही शिक्षा सगळ्यांना ठाऊक होती. तालुक्यातल्या तलावांची यादी वर गेली होती, ती सरकारी चालीने दिवाळीनंतर परत आली. शेतातल्या लहानशा बोड्या, म्हणजे पाणी साठवायची डबकीही तिच्यात तलाव म्हणून घुसली होती. या मुलखात असली चूक म्हणजे शेळीला गाय म्हणणं. साहेब कडाडले. यादी दुर्गेशच्या टेबलाची, तेव्हा दुर्गेशनेच एकेक तलाव डोळ्यांनी पाहून यावा! बिचाऱ्याने मान खाली घातली आणि स्कूटर काढली.

तोवर घरी सगळे त्याला वचकून असत. दिवसभर ट्यूबलाइटखाली फायली उपसून तो ठणकतं डोकं घेऊनच यायचा. स्कूटर वाजली की बायको भूमिका टीव्ही बंद करायची आणि लेक टिंकू दप्तर उचलून शेजारी पळायची. तलावांच्या पाळी, म्हणजे बांध, तुडवायला लागल्यापासून डोकं दुखायचं थांबलं. एका शनिवारी त्याने दोघींनाही सोबत नेलं. तिघांनी पाळीवर बसून डबा खाल्ला. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांनी ओंजळभर ताजे शिंगाडे दिले. आपला बाप इतकं बोलतो, हे टिंकूला पहिल्यांदाच कळलं, मग तीही बोलत सुटली. आता शुक्रवारीच तिची पिशवी भरलेली असे.

"तुमच्या साहेबाचं भलं होवो," भूमिका मनापासून म्हणायची.

कार्यालयातही लोक चकित झाले होते. आल्यागेल्यावर खेकसणारा दुर्गेश आताशा आधी "बसा जी" म्हणत होता.

हे सगळं सोमवारी संपणार होतं. दुर्गेशला रडू यायचंच बाकी राहिलं.

"साहेब, अर्धे तलाव अजून बाकी आहेत जी. मीच करतो न."

"अहो, पण चूक तुमची नव्हतीच," साहेब ओशाळून म्हणाले. "मले आज आठवलं. महाशिवरात्रीले, आपल्या प्रतापगडच्या यात्रेले तुमी सुट्टीवर होते. त्या दिवशी यादी मीच भरून पाठवली. फुकट शिक्षा भोगून राहिले तुमी."

"भोगतो जी. काही हरकत नाही."

साहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. माणूस उन्हाने रापला होता, पण तब्येत झकास दिसत होती.

"बरं बाबा. उरलेलेबी तुमीच पाहा."

दुर्गेशचा जीव भांड्यात पडला. लगबगीने तो दारापर्यंत गेला, पण साहेबांना राहवेना.

"त्या दिवशी आपण सुट्टीवर होतो, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही?"

"आलं होतं जी. शिक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, पाळीवर बसल्या बसल्या."

"मग सांगतलं काऊन नाही?"

आनंदाच्या भरात दुर्गेश खरं बोलून गेला.

"सांगतलं असतं, तं तलाव पाहाले तुमीच गेले असते न जी!"