ओसाड किनाऱ्याचा फोटो

१९८४ साल. उरणच्या बाजूला गोदामं उभारणाऱ्या कंपनीच्या साहेबांना फाइलला लावायला, जागा कुणाच्या वापरात नाही हे दाखवणारा एक फोटो हवा होता. नुसते दगड दिसावेत, माणूस एकही नको. स्टुडिओवाला पोपट कंपनीच्या मुकादमाच्या जीपमधून किनाऱ्यावर पोचला, तेव्हा ओहोटी लागून बराच वेळ झाला होता आणि गावच्या बायका उन्हानं तापलेल्या दगडांवर बसून कालवं फोडत होत्या.

मुकादम शिव्या देतच खाली उतरला. म्हाताऱ्या गिरजाबाईनं हातातली कोयती बाजूला ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "वाईच दम धरा. पानी चढला का आमी उठनारच हाव."

मुकादमाला कुठला धीर. त्याच्या माणसांनी काठ्या चालवायला सुरुवात केली. पाट्या उलथल्या, बायका किंचाळत बांधाकडं पळाल्या. गिरजाबाई तेवढी हलली नाही. तिला डोकं फुटेस्तोवर हाणलं आणि केसांना धरून दगडांवरून फरफटत बाजूला नेलं. पोपटनं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही.

"हां, आता काढ," मुकादम म्हणाला. पोपटनं बटण दाबलं.

आठवड्यानं साहेबांनी तो काळा-पांढरा फोटो उजेडाकडं धरला आणि ते खूश झाले. "झकास आलाय. पण हे मधले दगड तेवढे ओले कसे? भरती होती का?"



"नाही साहेब," पोपट म्हणाला. "भरतीला तिथं मारायला कुणी नसतं."